हँडलवरचा नकाशा आधी नीट बसवायला हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या आधी मुंबई-ठाण्याहून कोकणात येणाऱ्या चाकरमान्यांमध्ये दुचाकीवरून निघणारेही बरेच असतात आणि आता त्यांतल्या अनेकांच्या हँडलवर मोबाइलचा होल्डर दिसतो. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, कुरिअरवाले, घरपोच जेवण पोहोचवणारी मुले यांचे तर रोजचे काम त्या पडद्यावरच्या निळ्या रेषेवर चालते. वाहनविषयक पुरवण्यांमध्ये कोणते दिशादर्शक उपकरण घ्यावे, त्याचा पडदा केवढा, बॅटरी किती चालते याची माहिती येते. परंतु ते गाडीवर नेमके कुठे, कशाच्या आधाराने आणि कोणत्या तारेला जोडावे याबद्दल मराठीत फार थोडे लिहिले जाते. माझ्या मते खरा धोका उपकरणाच्या निवडीत कमी आणि त्याच्या जोडणीत जास्त आहे, म्हणून हे पत्र काहीसे सविस्तर लिहीत आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे 44.5 टक्के दुचाकीवर होती. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर पुढे जाते. पडद्यावरचा बाण समजून घेण्यासाठी दोन सेकंद मान खाली गेली, तर तेवढ्यात 33 मीटर रस्ता न पाहता कापला जातो, आणि आपल्याकडे 33 मीटरांत पट्टे पुसले गेलेला गतिरोधक, उघडे चेंबर किंवा पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा यांपैकी काहीही समोर येऊ शकते. मोटारीत बसलेल्याला अशा खड्ड्याचा दणका बसतो. दुचाकीवरचा माणूस थेट रस्त्यावर फेकला जातो. म्हणून उपकरणाची जागा ठरवताना एकच कसोटी लावावी. हेल्मेट घालून नेहमीच्या बैठकीत बसल्यावर, मान न वाकवता, केवळ नजर किंचित खाली नेऊन ते दिसले पाहिजे.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरणारी जागा म्हणजे स्पीडोमीटरच्या लगेच वर, हँडलच्या मधोमध. लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या काही गाड्यांना मीटरच्या वर आडवी नळीच दिलेली असते. ती नसेल तर हँडलला दोन ठिकाणी पकडणारी आडवी पट्टी वेगळी मिळते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक होल्डर डाव्या किंवा उजव्या मुठीजवळ बसवून दिले जातात, कारण तिथे मोकळी जागा असते आणि बसवणाऱ्याचे काम पाच-दहा मिनिटांत उरकते. टाकीवरच्या बॅगेच्या पारदर्शक खिशात फोन ठेवण्याची पद्धत तर मला अजिबात मान्य नाही. तिथे पाहण्यासाठी हनुवटी छातीला टेकवावी लागते आणि रस्ता नजरेआड होतो. उपकरण कुठेही बसवले तरी स्पीडोमीटर, इंडिकेटरचा दिवा आणि न्यूट्रल व एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) यांचे दिवे झाकले जाता कामा नयेत, ही साधी गोष्टही दुकानात पाहिली जात नाही.

होल्डर घेण्यापूर्वी हँडलची जाडी मोजावी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या हँडलची नळी 22 मिलिमीटर व्यासाची असते, तर मोठ्या गाड्यांमध्ये मधोमध जाड होत गेलेल्या हँडलची जाडी 28.6 मिलिमीटर असते. जाड हँडलचा क्लॅम्प बारीक हँडलवर रबराच्या पट्ट्या गुंडाळून बसवला की तो पहिल्या दिवशी घट्ट वाटतो; पुढे रबर उन्हाने आणि ताणाने दबले की एखाद्या खड्ड्यात तो गर्रकन फिरतो आणि नेमक्या त्याच वेळी चालकाचा हात हँडल सोडून फोन धरायला जातो. स्कूटरचे हँडल झाकलेले असल्यामुळे आरशाच्या दांड्याचा आधार घ्यावा लागतो. तिथे होल्डरची पट्टी आरशाच्या बुडाशी सपाट बसली पाहिजे आणि चेकनट पुन्हा पक्का आवळला पाहिजे, नाहीतर काही दिवसांतच आरसा जागेवर राहीनासा होतो. काही गाड्यांमध्ये उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावतो आणि ब्रेकच्या लिव्हरला धरणाऱ्या ब्रॅकेटमधले आटेच खराब करून ठेवतो. सर्व बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे. होल्डर टाकीला किंवा पुढच्या काचेला लागतो का, चार्जिंगची केबल ताणली जाते का, क्लचची केबल अथवा पुढच्या ब्रेकची नळी दबते का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप मागे येतो का, हे सारे इंजिन बंद असतानाच तपासायचे असते. जागेवर वळताना अडकलेले हँडल माणसाला तिथेच पाडते.

आता कंपनांविषयी. सप्टेंबर 2021 मध्ये ॲपल कंपनीने जाहीर सूचना देऊन सांगितले की शक्तिशाली मोटारसायकलींच्या इंजिनांची कंपने हँडलमधून आयफोनपर्यंत पोहोचल्यास त्याच्या कॅमेऱ्याचे काम बिघडू शकते. ज्या कॅमेऱ्यात चित्र हलू नये म्हणून भिंग बारीक यंत्रणेवर तरंगते ठेवलेले असते आणि ज्यात फोकससाठी चुंबकीय संवेदक असतात, त्यांना हा धोका आहे. अशी यंत्रणा आता इतर कंपन्यांच्या अनेक फोनमध्येही असते. कमी शक्तीच्या मोपेड व स्कूटरसाठीदेखील त्याच सूचनेत कंपने शोषणारा होल्डर वापरावा असे म्हटले आहे. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याचा मूळ हादरा सेकंदाला 50 वेळा येतो, 6,000 फेऱ्यांना 100 वेळा. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतांश गाड्या एक सिलिंडरच्याच आहेत, त्यामुळे हा प्रश्न महागड्या परदेशी गाड्यांपुरता आहे असे कोणी समजू नये. फोन आणि क्लॅम्प यांच्यामध्ये सिलिकॉनचे किंवा मऊ रबराचे तुकडे असलेला जोड बसवला की हा बारीक, जलद थरकाप बराच कमी होतो. त्याने खड्ड्यात फोन थोडा डुलताना दिसतो, तो डुलू द्यावा. होल्डरचा दांडा मात्र आखूडच असावा, कारण दांडा जितका लांब तितकी टोकाची थरथर वाढते. मध्ये दोन-तीन सांधे असलेले होल्डर दिसायला ऐटदार असले तरी मी कोणालाही सुचवणार नाही. होल्डरचे बोल्ट ॲलन कीने महिन्यातून एकदा तपासावेत आणि फोनला एक बारीक पण मजबूत दोरी हँडलशी बांधलेली असावी.

वीजजोडणीच्या बाबतीत तर परिस्थिती याहून चिंताजनक आहे. सिग्नलजवळच्या एखाद्या दुकानात यूएसबी चार्जर बसवून घेताना कारागीर हेडलाइटच्या मागे हात घालतो, जी तार सापडेल तिचे वरचे आवरण ब्लेडने सोलतो, दुसरी तार तिला पीळ देऊन जोडतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो. पहिल्या पावसात त्या जोडात पाणी जाते, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि कधी चार्जिंग, तर कधी हेडलाइट अधूनमधून बंद पडू लागतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ही प्रदूषणविषयक मानके लागू झाल्यावर साध्या गाड्यांमध्येही इंधन-इंजेक्शनची संगणकीय यंत्रणा आली. तिच्या किंवा एबीएसच्या तारेवर असा जोड दिला तर इंजिन किंवा ब्रेकच्या यंत्रणेतच बिघाड होऊ शकतो आणि वॉरंटी नाकारायला विक्रेत्याला आयते कारण मिळते. योग्य पद्धत अवघड नाही. बॅटरीच्या धन टोकापासून वेगळी तार घ्यावी, तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ 2 किंवा 3 अँपिअरचा फ्यूज बसवावा आणि मध्ये किल्लीच्या खटक्यावर चालणारा रिले (विजेने आपोआप चालू-बंद होणारा खटका) घ्यावा, म्हणजे गाडी बंद केल्यावर चार्जरही बंद होतो. फ्यूज बॅटरीजवळच का, तर पुढे ती तार कुठेही घासून उघडी पडली तरी फ्यूज उडतो आणि आग लागत नाही. तोच फ्यूज चार्जरपाशी असेल तर मधली सगळी तार संरक्षणाविना राहते. पूर्ण वेगाने चार्ज करणारा साधा यूएसबी चार्जर बॅटरीकडून जवळजवळ 1 अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. लहान गाड्यांच्या बॅटऱ्या अनेकदा 4 अँपिअर-तास किंवा त्याहूनही कमी क्षमतेच्या असतात, आणि 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये हेडलाइट इंजिनासोबत सतत चालू राहतो, हेही हिशेबात धरावे लागते. थेट बॅटरीला जोडून रात्रभर तसाच राहिलेला चार्जर सकाळी सेल्फ स्टार्टर न फिरण्याचे कारण ठरतो. ज्या गाडीला कारखान्यातूनच यूएसबी सॉकेट किंवा जादा उपकरणासाठी कपलर (तार जोडण्याचा तयार जोड) आलेला आहे, तिथे दुसरीकडे कुठेही तार कापू देऊ नये.

उपकरणाची निवड करताना आपण कुठे आणि कोणत्या ऋतूत फिरतो, हे पाहायला हवे. मोबाइल उन्हाळ्यासाठी बनवलेला नसतो. आयफोनचे उत्पादक 35 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत तो वापरावा असे सांगतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांवर जातो, वर पडदा पूर्ण उजेडावर, नकाशा चालू आणि चार्जिंगही चालू. अशा वेळी फोन आधी पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद पडतो. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवलेला फोन तर आणखी लवकर तापतो. कोकणातल्या पावसात अडचण वेगळी असते. फोन पाणीरोधक असला तरी चार्जिंगच्या छिद्रात पाणी गेले की तो चार्जिंग नाकारतो आणि पडद्यावर पडणाऱ्या थेंबांना बोटाचा स्पर्श समजून नकाशा भलतीकडे सरकवतो. पाणीरोधकतेच्या आयपीएक्स-7 या खुणेचा अर्थ उपकरण 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटे टिकते एवढाच आहे. धावत्या गाडीवर तासन्‌तास येणारी पावसाची सणसणीत सर, तीही केबल लावलेली असताना, ही वेगळी परीक्षा आहे.

दुचाकीसाठीच बनवलेली गार्मिन झूमोसारखी स्वतंत्र उपकरणे या तीनही त्रासांसाठी तयार केलेली असतात: ऊन, पाऊस आणि थरथर. हातमोजे घालून त्यांचा पडदा वापरता येतो, नकाशे उपकरणातच साठवलेले असतात आणि विजेची जोडणी फोनच्या छिद्रातून न होता होल्डरच्या बुडातल्या स्पर्शबिंदूंमधून होते. वर्षातून अनेकदा हजार-दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्यांनी त्यांचा विचार जरूर करावा. मात्र किंमत चांगल्या फोनइतकी असते आणि भारताचे ताजे नकाशे त्यात मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. काही गाड्यांवर आता कंपनीचाच दिशादर्शक असतो. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर 2020 मध्ये मिटिऑर 350 बरोबर बाण दाखवणारा लहान गोल पडदा दिला आणि 2023 मध्ये आलेल्या नव्या हिमालयनच्या गोल पडद्यावर पूर्ण नकाशाच उमटू लागला. यात फोन खिशात राहतो आणि नजर मीटरपाशी राहते, म्हणून हा मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो.

ज्यांना दररोज शहरातच फिरायचे आहे त्यांना मी वेगळेच सुचवेन. फोन हँडलवर लावूच नये. हेल्मेटमध्ये लहान ब्लूटूथ स्पीकर बसवून फोन खिशात ठेवावा आणि आवाजावर गाडी चालवावी; सूचना मराठीतूनही ऐकता येतात. आवाज इतका हळू असावा की मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न स्पष्ट कळेल. पडदा हवाच असेल तर घरात पडून असलेला जुना फोन त्या कामाला लावावा, म्हणजे तापून किंवा थरथरून बिघडला तरी बँकेचे व्यवहार, ओळखपत्रे आणि घरच्यांचे नंबर असलेला फोन सुरक्षित राहतो आणि गाडी चालवताना पडद्यावर संदेशही येत नाहीत.

इथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. रेंज गेली म्हणजे जीपीएस बंद पडले, असे अनेकांना वाटते आणि घाटात शिरताच ते गाडी चालवता चालवता फोनशी झटापट करू लागतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात, फोन ते फक्त ऐकतो, आणि एका वेळी चार उपग्रह ऐकू आले की त्याला आपली जागा काढता येते. यासाठी सिमकार्डाचीही गरज नसते. रेंज लागते ती नकाशाचे चित्र आणि वाहतुकीची माहिती आणण्यासाठी. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर प्रवासाच्या पट्ट्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. कुंभार्ली, वरंध, ताम्हिणी, आंबोली अशा घाटांत आणि मेळघाटाच्या जंगलात याचा उपयोग कळतो. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही ॲप्स तर इंटरनेटशिवाय चालण्यासाठीच बनवलेली आहेत. बोगद्यात मात्र उपग्रहांचा संदेशच पोहोचत नाही, तिथे बाण थबकला म्हणून वेग कमी करून फोन चाचपू नये.

नकाशाला आपण दुचाकीवर आहोत हे सांगणे तर अत्यावश्यक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, मुंबईचा किनारी रस्ता, पूर्व मुक्त मार्ग आणि जे. जे. उड्डाणपूल यांवर दुचाकींना बंदी आहे. गूगल मॅप्सने दुचाकीचा वेगळा पर्याय डिसेंबर 2017 मध्ये भारतातच प्रथम सुरू केला, तरीही तो न निवडता मोटारीच्या मार्गावर निघालेली माणसे या रस्त्यांच्या तोंडाशी गोंधळून उभी असलेली किंवा उलट दिशेने मागे फिरताना दिसतात. नवे उपकरण घेताना दुकानातच एक परीक्षा करता येते: शीवहून पुण्याचा मार्ग विचारावा. ते द्रुतगती मार्गावर नेत असेल तर ते दुचाकीच्या कामाचे नाही. खोपोलीवरून जुन्या महामार्गाने नेत असेल तर पुढे बोलावे. दुचाकीचा पर्याय कधी कधी अरुंद, निर्जन पाऊलवाटांसारख्या रस्त्यांवर घालतो, हेही ध्यानात ठेवावे. 2021 च्या जानेवारीत अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक मोटार गेली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. ती नकाशाच्या सांगण्यावरून तिकडे वळली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. अनोळखी भागात, विशेषतः पावसाळ्यात आणि अंधार पडल्यावर, आडवाटेचा फाटा घेण्यापूर्वी नाक्यावरच्या टपरीवर विचारून घेण्याला पर्याय नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 1 ऑक्टोबर 2020 पासून झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातील संपर्कसाधनाचा वापर केवळ मार्ग शोधण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीनेच करता येतो. म्हणजे हँडलवरच्या फोनवर संदेश वाचणे किंवा चित्रफीत पाहणे या सवलतीत बसत नाही. पण मला काळजी वाटते ती जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या मुलांची. नवी ऑर्डर आली की ती ठरावीक वेळात बोट लावून स्वीकारावी लागते आणि ते बोट अनेकदा धावत्या गाडीवर हँडल सोडून उचलले जाते. गाडी धावते आहे की थांबली आहे, हे त्याच फोनमधल्या जीपीएसवरून ॲपला कळते. गाडी थांबेपर्यंत पडद्यावर काहीही विचारले जाणार नाही आणि त्या वेळेचा भुर्दंड मुलावर पडणार नाही, एवढी व्यवस्था करणे त्या कंपन्यांना मुळीच अवघड नाही. परिवहन विभागाने हा आग्रह त्यांच्याकडे धरावा.

दुचाकी उत्पादकांकडूनही अपेक्षा आहे. हँडलच्या मधोमध होल्डरसाठी आटे पाडलेली एक पक्की जागा आणि फ्यूजसह एक कपलर, एवढे दिले तर रस्त्याकडेच्या दुकानात वायरिंग कापण्याची वेळच येणार नाही; आज हे महागड्या गाड्यांपुरतेच मर्यादित आहे आणि ज्यांचे पोट नकाशावर चालते त्यांच्या 100-125 सीसीच्या गाड्यांना ते बहुधा मिळत नाही. अधिकृत विक्रेत्याने चार्जर बसवला तर कोणत्या तारेवर आणि किती अँपिअरच्या फ्यूजसह, हे पावतीवर लिहून द्यावे. आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी की गणेशोत्सवापूर्वीच्या आठवड्यात दुचाकींना बंदी असलेले रस्ते आणि पावसामुळे बंद असलेले घाट यांची यादी पहिल्या पानावर ठळकपणे छापावी. मुंबईहून निघणाऱ्या मुलांना ती सोसायटीच्या फलकावर लावता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, चिपळूण